खाली खोचलेली यूएसबी, वरून वापरायची: प्रकल्प नोंदी

२ जून २०२५, सोमवार

साहेबांनी आज हिरवा कंदील दाखवला. भोसरी एमआयडीसीतली आमची जागा दोन मजल्यांची. खाली टेस्टिंग बेंच आणि स्टोअर, वर डिझाइन. मधल्या जिन्यावरून दिवसभर यूएसबीच्या वस्तूंची ये-जा चालते. गेल्या आठवड्यात लायसन्सचा डोंगल (जो लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही) कुणाच्या तरी खिशातून घरी गेला आणि बेंच दुपारपर्यंत बसून राहिलं. म्हणून ठरलं: खालच्या वस्तू खालीच राहतील, ज्याला हव्यात त्याने नेटवर्कवरून वापराव्यात.

यादी अशी: लेबल प्रिंटर, फ्लॅटबेड स्कॅनर, एसटी-लिंक प्रोग्रॅमर (चिपमध्ये प्रोग्रॅम चढवणारा), एनर्जी मीटरसाठीचा यूएसबी ते आरएस-४८५ (सिरियल लाइन) कन्व्हर्टर आणि तो डोंगल. अकाउंट्सच्या ताईंनी जाता जाता साहेबांचं डिजिटल सहीचं टोकनही यादीत घालायला सांगितलं. लिहून घेतलं आहे, हो म्हटलेलं नाही.

मशिनं सगळी लिनक्स, काही डेबियन, काही उबंटू. कपाटात एक रास्पबेरी पाय ३, छोटा एका बोर्डाचा कॉम्प्युटर (पुढे नुसता ‘पाय’), पडून आहे, सुरुवात त्यावर.

३ जून, मंगळवार

यूएसबीआयपी, म्हणजे एका मशिनला खोचलेलं यूएसबी उपकरण नेटवर्कवरून दुसऱ्याला वापरू देणारी लिनक्सची सोय, नीट वाचून घेतलं. मूळ काम जपानचं. नारा इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स अँड टेक्नॉलॉजीतल्या ताकाहिरो हिरोफुची यांनी सहकाऱ्यांसह २००५ मध्ये हे मांडलं. लिनक्स कर्नलच्या (गाभ्याच्या) स्टेजिंग, म्हणजे अजून कच्च्या कोडच्या, भागात ते २.६.२८ ला आलं आणि २०१४ मध्ये ३.१७ ला स्टेजिंगमधून मुख्य भागात गेलं. आपल्याला काही कंपाइल करावं लागत नाही, मोड्यूल्स (कर्नलला जोडायचे भाग) कर्नलबरोबरच येतात.

आत काय होतं ते स्वतःसाठी लिहून ठेवतो, पुढे दर अडचणीत हेच लागेल. लिनक्समधला कुठलाही यूएसबी ड्रायव्हर उपकरणाशी थेट बोलत नाही. तो एक मागणी तयार करतो, तिला यूआरबी म्हणतात, आणि यूएसबी पोर्ट सांभाळणाऱ्या होस्ट कंट्रोलरकडे सोपवतो. यूएसबीआयपीत वापरणाऱ्या मशिनवर व्हीएचसीआय-एचसीडी नावाचं मोड्यूल खोटा होस्ट कंट्रोलर बनून बसतं. आलेल्या यूआरबीला ४८ बाइटचं हेडर लावून ते टीसीपीवरून समोरच्या ३२४० पोर्टला पाठवतं. समोर यूएसबीआयपी-होस्ट मोड्यूल ती मागणी उघडून खऱ्या उपकरणाला देतं आणि उत्तर त्याच वाटेने परत येतं.

म्हणजे ड्रायव्हर वरच्या मशिनवर चालतो. उपकरण ज्या पायला खोचलंय, त्या पायला ते प्रिंटर आहे की कॅमेरा याच्याशी देणंघेणं नसतं. फायदा असा की जगातलं जवळपास कुठलंही यूएसबी उपकरण असंच जाईल. तोटाही त्यातच आहे: ड्रायव्हर आणि उपकरण यांच्यात पूर्वी हातभर केबलवर होणारी प्रत्येक छोटी विचारपूस आता नेटवर्कवरून होणार.

शिवाय एका वेळी एकच ग्राहक. ‘शेअर’ म्हणायचं, पण खरं तर उसनं देणं.

४ जून, बुधवार

मांडणी झाली. पायवर:

सुडो एपीटी इन्स्टॉल यूएसबीआयपी
सुडो मॉडप्रोब यूएसबीआयपी-होस्ट
सुडो यूएसबीआयपीडी -डी
यूएसबीआयपी लिस्ट -एल

यादीत प्रत्येक वस्तूपुढे बसआयडी येतो. १-१.३ म्हणजे बस १, तिच्या पहिल्या पोर्टवरचा हब, त्या हबचं तिसरं भोक. हा आकडा वस्तूचा नाही, भोकाचा आहे. डोंगल उपटून शेजारच्या भोकात लावला की तो १-१.४ होतो आणि वरचे सगळे आदेश फुकट जातात. स्टोअरच्या काकांकडून पांढरी चिकटपट्टी आणून प्रत्येक भोकावर वस्तूचं नाव लिहिलं. काका म्हणाले, ‘देवघरासारखं झालं, ज्याची त्याची जागा ठरलेली.’

मग बाइंड:

सुडो यूएसबीआयपी बाइंड -बी १-१.३

बाइंड झाल्याक्षणी पायवरचा मूळ ड्रायव्हर सुटतो आणि यूएसबीआयपी-होस्ट ताबा घेतो. वस्तू आता पायला स्वतःला वापरता येत नाही. पायचं नेटवर्कवरचं नाव ‘पाय-खाली’. वर:

सुडो मॉडप्रोब व्हीएचसीआय-एचसीडी
सुडो यूएसबीआयपी अटॅच -आर पाय-खाली -बी १-१.३

डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या लॉगमध्ये, लगेच ओळ उमटली: डेव्हआयडी ६५५४०, स्पीड २, फुल-स्पीड. हा विचित्र आकडा सोडवून पाहिला. बसचा क्रमांक १६ बिट डावीकडे सरकवायचा आणि उपकरण क्रमांक मिळवायचा: ६५५३६ अधिक ४. बस १, उपकरण ४. पायवर एलएसयूएसबी (जोडलेल्या यूएसबी वस्तूंची यादी देणारा आदेश) हेही तेच सांगतं. दोन्हीकडचे लॉग जुळवायला हे कामाचं आहे.

वर एलएसयूएसबी दिलं तर डोंगल तिथे हजर. सॉफ्टवेअर उघडलं, लायसन्स मिळालं. खाली बेंचवरून कुणीतरी ओरडलं की त्यांचं बंद पडलं. एका वेळी एकच, ते इथे दिसलं.

६ जून, शुक्रवार

आरएस-४८५ कन्व्हर्टर. आतली चिप एफटीडीआय कंपनीची. अटॅच झाला, वर टीटीवाययूएसबी० हा सिरियल पोर्ट दिसला, मीटरचं रीडिंगही आलं. मग सहज ३२४० पोर्टवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पाकिटं दाखवणारं टूल) लावला आणि बघत बसलो. मीटरला काही विचारलेलं नाही, लाइन गप्प आहे, तरी पाकिटांचा पाऊस. प्रत्येक उत्तराची लांबी ५० बाइट.

कारण असं. एफटीडीआय चिपमध्ये लेटन्सी टायमर असतो, मुळात १६ मिलिसेकंदांचा. पोर्ट उघडा असला की डेटा असो वा नसो, टायमर संपला की चिप स्टेटसचे दोन बाइट पाठवते. ४८ चं हेडर आणि ते दोन, झाले ५०. सेकंदाला साठेक वेळा ‘काही नाही, काही नाही’ असा निरोप, आणि दरवेळी वरून पुढची मागणी खाली जाणार. केबलवर हे कुणाला कळतही नाही, नेटवर्कवर मात्र सगळं उघड दिसतं.

भार फार नाही, तेवढ्यासाठी नाकारलं नसतं. खरी अडचण मीटरच्या भाषेची, मॉडबस आरटीयूची. तिथे एक संदेश संपला हे साडेतीन अक्षरांएवढ्या शांततेवरून ओळखतात. ९६०० बॉडला ती शांतता ४ मिलिसेकंदांच्या आसपास येते. वायरवर संदेश अखंड असतो, पण आमच्या वायफायवर पाकीट कधी ३ मिलिसेकंदांत येतं, कधी ४० लागतात. मधेच खंड पडला की वरच्या प्रोग्रॅमला वाटतं संदेश संपला, मग सीआरसी (पडताळणीचा आकडा) चुकतं. केबलने जोडलेल्या मशिनवर सगळं ठीक, वायफायवरच्या लॅपटॉपवर अधूनमधून गचके.

यूएसबीआयपी काढून पायवर एमबसडी नावाचं मॉडबसचं दुभाषी टूल बसवलं. ते सिरियल बाजूची वेळ पायवरच सांभाळतं आणि वर ५०२ पोर्टवर मॉडबस टीसीपी देतं. नेटवर्कवरून पूर्ण संदेशच जातो, वायफाय लडखडलं तर फार तर उशीर होतो, तुकडे पडत नाहीत. वर दोन जण एकाच वेळी मीटर वाचू शकतात, हा बोनस.

नुसता कन्सोलचा सिरियल असेल तर सेर२नेट (सिरियल पोर्ट नेटवर्कवर देणारं टूल) पुरे. त्याला यूएसबीआयपी नकोच.

९ जून, सोमवार

आधीच्या दिवसावरून ठरवलं: वस्तूची स्वतःची नेटवर्कभाषा असेल तर ती वापरायची. यूएसबीच्या थराला हात शेवटी.

प्रिंटर: पायवर कप्स (लिनक्सची छपाईची सेवा), वरून आयपीपी या छपाईच्या नेटवर्कभाषेने ६३१ पोर्टवर. झालं.

स्कॅनर: पायवर सॅन्डी (सेन या स्कॅनिंग सॉफ्टवेअरची नेटवर्क सेवा), वरच्या मशिनवर सेनच्या नेट.कॉन्फमध्ये पायचं नाव. ६५६६ पोर्ट उघडूनही स्कॅन सुरू होऊन अडकायचा, कारण सॅन्डी प्रतिमेचा डेटा वेगळ्या, मनाला येईल त्या पोर्टवरून पाठवतं. सॅन्डी.कॉन्फमध्ये डेटा-पोर्टरेंज बांधून दिली, फायरवॉलमध्ये तेवढीच उघडली.

११ जून, बुधवार

एसटी-लिंक. यूएसबीआयपीवरून फर्मवेअर चढवून पाहिलं. केबलवर झटक्यात होणारं काम वायफायवर रेंगाळतं. प्रोग्रॅमरशी होणारा संवाद लहान लहान फेऱ्यांचा असतो आणि प्रत्येक फेरी आधीच्या उत्तरासाठी थांबते. हजार फेऱ्या आणि फेरीला ५ मिलिसेकंद धरले तरी ५ सेकंद नुसते वाट बघण्यात गेले. इथे बँडविड्थचा काही संबंध नाही, सगळा खेळ जाण्यायेण्याच्या वेळेचा.

पायवरच ओपनओसीडी हे प्रोग्रॅमरमार्फत चिपशी बोलणारं सॉफ्टवेअर चालवलं. ते मुळात फक्त स्वतःच्या मशिनवर ऐकतं, बाहेरून बोलायचं तर बाइंडटू सांगावं लागतं. वरून जीडीबी हा डिबगर ३३३३ पोर्टला जोडला. छोट्या फेऱ्या पाय आणि एसटी-लिंकच्या मधे उरकतात, नेटवर्कवर फक्त ‘हा ब्रेकपॉइंट लाव’, ‘ही मेमरी दे’ एवढंच.

आमच्यातला एक शिकाऊ पोरगा स्वतःचा एक बोर्ड घेऊन आला, ज्यात चिपचं स्वतःचं यूएसबी आहे आणि प्रोग्रॅमिंग डीएफयू मोडमधून (यूएसबीवरूनच फर्मवेअर घेण्याच्या अवस्थेतून) होतं. त्याला यूएसबीआयपीवरूनच करून बघायचं होतं, म्हटलं बघ. बोर्डला डीएफयूत जा म्हटलं की तो स्वतः डिसकनेक्ट होऊन वेगळ्या प्रॉडक्ट आयडीने परत येतो. यूएसबीआयपीच्या दृष्टीने ही केबल उपटल्यासारखीच गोष्ट. वरची अटॅच तुटली, आणि त्याने ती हाताने पुन्हा करेपर्यंत डीएफयूच्या टूलने वाट बघणं सोडून दिलं होतं. स्क्रिप्ट लिहून धावपळ करता येईल, पण बोर्ड शेवटी पायवरूनच फ्लॅश केला. एसएसएचने हेक्स फाइल पाठवायची आणि तिथेच आदेश चालवायचा.

१३ जून, शुक्रवार

काल गुरुवार, एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी, त्यात देखभालीसाठी वीज बंद. सर्व्हर यूपीएसवर, पाय मात्र साध्या बोर्डाच्या सॉकेटवर. आज सकाळी वरच्या मशिनवर ‘लायसन्स सापडत नाही’. यूएसबीआयपी पोर्ट म्हटलं तर पोर्ट ०० वापरात असल्याचं निवांत सांगतंय. तिकडे पाय केव्हाच रीस्टार्ट होऊन बसलाय, त्याला या जोडणीचा पत्ता नाही.

यात तीन वेगवेगळ्या गोष्टी गुंतल्या होत्या, एकेक सोडवली.

पहिली, जोडणी मेली हे वरच्याला कळतंच नाही. डोंगल बहुतेक वेळ गप्प असतो. वरची मागणी आधीच गेलेली, उत्तराची वाट चालू. टीसीपीत दोन्ही बाजू गप्प असतील तर तार कापली तरी कुणाला समजत नाही. यूएसबीआयपीचं टूल जोडताना कीपअलाइव्ह (‘आहेस का’ अशी अधूनमधून चौकशी) चालू करतं, पण लिनक्सचं मूळ वेळापत्रक असं: ७२०० सेकंद शांतता झाल्यावर पहिली चौकशी, मग ७५ सेकंदांनी एक अशा ९. सगळं धरून ७८७५ सेकंद, दोन तास अकरा मिनिटं. आमच्या कामाला हे वेळापत्रक निरुपयोगी. वरच्या मशिनवर कीपअलाइव्हची वेळ ३०, अंतर १०, चौकशा ३ केल्या. मिनिटात निकाल.

दुसरी, गप्प नसताना तार तुटली तर. पायची नेटवर्क केबल काढून सॉफ्टवेअरला लायसन्स तपासायला लावलं. प्रोसेस डी अवस्थेत, म्हणजे कर्नलमध्ये उत्तराची वाट बघत, गोठली, किल -९ लाही दाद नाही. पाठवलेलं पाकीट टीसीपी पुन्हा पुन्हा पाठवत राहतं. मूळ सेटिंग १५ प्रयत्नांचं, म्हणजे साधारण पंधरा मिनिटं. टीसीपी-रीट्राइज२ ८ वर आणलं, दोनेक मिनिटांच्या आत सुटका होते. हे सेटिंग त्या मशिनच्या सगळ्या टीसीपी जोडण्यांना लागू होतं, हे लक्षात ठेवून.

तिसरी, तुटल्यावर परत कोण जोडणार. कुणीच नाही. अटॅचचा आदेश जोडणी करून सॉकेट कर्नलच्या हवाली करतो आणि संपतो. सर्व्हिसेस चालवणाऱ्या सिस्टमडीला वाटतं काम यशस्वी झालं. सर्व्हिसमध्ये रीस्टार्ट ऑलवेज लिहून इथे काही साधत नाही, कारण मरायला प्रोसेसच उरलेली नाही. म्हणून वेगळा टायमर: दर अर्ध्या मिनिटाला डोंगलचा व्हेंडर आणि प्रॉडक्ट आयडी एलएसयूएसबीत दिसतो का पाहायचं, नसेल तर अटॅच. पायवर यूडेव्हचा (वस्तू लावल्याची दखल घेणाऱ्या सेवेचा) नियम: तो आयडी दिसला की बाइंड. वस्तू उपटून लावली तरी, वीज गेली-आली तरी.

पायही आता यूपीएसवर.

१६ जून, सोमवार

पाय ३ च्या जागी पाय ४. जुन्यात इथरनेट आणि यूएसबीची सगळी भोकं एकाच यूएसबी २ च्या वाटेने जातात. उपकरणाचा बाइट त्या वाटेने आत येतो आणि नेटवर्कवर जाण्यासाठी त्याच वाटेने परत फिरतो. डोंगलला काय फरक पडणार, पण स्कॅनरला पडतो. पाय ४ ला इथरनेट वेगळं आणि खरं गिगाबिट. मात्र त्याच्या चारही यूएसबी भोकांना मिळून १.२ अँपिअरच मिळतात, म्हणून स्वतःचा अडॅप्टर असलेला हब मधे घातला. बसआयडी बदलले, चिकटपट्ट्याही.

१७ जून, मंगळवार

सुरक्षेचं. आमच्या पाहुण्यांसाठीच्या वायफायवर पासवर्ड विचारून कुणीही फोन जोडून बसतं. माझा घरचा लॅपटॉप त्यावर जोडला आणि यूएसबीआयपी लिस्ट -आर पाय-खाली दिलं. यादी समोर. अटॅच दिलं असतं तर डोंगलही आला असता. यूएसबीआयपीत पासवर्ड नाही, एन्क्रिप्शन नाही, कोण विचारतंय याची चौकशी नाही. २००५ साली प्रयोगशाळेत जन्मलेल्या गोष्टीकडून अपेक्षा करण्यात अर्थही नाही. यूएसबीआयपीडीला अमुकच पत्त्यावर ऐक असंही सांगता येत नाही, म्हणून काम फायरवॉललाच.

धोका उलट्या बाजूनेही आहे, आणि त्याकडे लोक कमी पाहतात. वरचं मशिन खालून आलेल्या डेटावर विश्वास ठेवून आपल्या कर्नलमध्ये ड्रायव्हर चढवतं. खालचा पाय कुणी बळकावला तर तो डोंगलच्या नावाखाली कीबोर्ड बनून वर टाइप करू शकतो. २०१६ मध्ये सीव्हीई-२०१६-३९५५ या क्रमांकाची त्रुटी सापडली होती: पाकिटातली लांबी खोटी दिली की कर्नल स्वतःच्या मेमरीबाहेर लिहायचा. कर्नल ४.५.३ ला ती दुरुस्त झाली. आमचे कर्नल त्यापेक्षा पुष्कळ नवे आहेत, पण धोक्याची जात कळावी म्हणून लिहून ठेवलं.

पाहुण्यांचं वायफाय व्हीलॅन करून वेगळ्या नेटवर्कवर टाकलं. पायवर एनएफटेबल्स या फायरवॉलचा नियम: ३२४० फक्त वायरगार्ड या व्हीपीएनच्या (एन्क्रिप्ट केलेल्या खाजगी वाटेच्या) इंटरफेसवरून, बाकी सगळ्यांना ड्रॉप. ऑफिसातल्या ऑफिसात वायरगार्ड म्हणजे अति होतंय असं एकाने सुचवलं. कर्नलमध्येच ते ५.६ पासून आहे, फाइल दहा ओळींची, आणि त्यामुळे घरून जोडण्याचा प्रश्नही परस्पर सुटला. ठेवलं.

२० जून, शुक्रवार

तुकोबांची आणि माउलींची पालखी आज पुण्यात. रस्ते बंद, अर्धं ऑफिस घरून. चाचणीला याहून चांगला दिवस कोणता!

घरून पायपर्यंत पिंग, म्हणजे जाऊन येण्याचा वेळ, २५ मिलिसेकंद. डोंगल अटॅच झाला, सॉफ्टवेअर उघडलं, पण उघडायला ऑफिसपेक्षा कितीतरी जास्त वेळ. सुरुवातीला ते डोंगलशी शेकडो वेळा बोलतं असं दिसतं. एकदा उघडल्यावर मात्र काम सुरळीत.

गंमत म्हणून पेनड्राइव्हही लावून पाहिला, आधी हिशोब मांडून. यूएसबी स्टोरेजची प्रत्येक वाचणी तीन टप्प्यांची: ३१ बाइटचा आदेश, मग डेटा, मग १३ बाइटची पोच. यूएसबी २ ला कर्नल एका वेळी जास्तीत जास्त १२० किलोबाइट मागतो. तीन टप्पे, प्रत्येकी २५ मिलिसेकंद, म्हणजे १२० किलोबाइटला किमान ७५ मिलिसेकंद. सेकंदाला १६०० किलोबाइट ही छतमर्यादा, घरची लाइन कितीही जाड असो. प्रत्यक्षात त्याच्या थोडं खालीच मिळालं. शिवाय लिहिताना जोडणी तुटली तर फाइलसिस्टम गेलीच. फाइली द्यायच्या तर सांबा किंवा एनएफएस आहे.

वेबकॅम नको. हाय-स्पीड यूएसबी दर १२५ मायक्रोसेकंदांची चौकट पाळतं, आणि तिकडे आमचं पिंग २५ हजार मायक्रोसेकंदांचं.

२४ जून, मंगळवार

टोकनचा विषय आज निघाला. ताई म्हणाल्या, ‘साहेब दौऱ्यावर असतात आणि महाटेंडर्सवर निविदेची मुदत नेमकी तेव्हाच संपते. टोकन पायला लावून ठेवा, मी माझ्या पीसीवरून सही करते.’ त्यांची अडचण खरी आहे. मुदत संपायला तासभर राहिलाय आणि टोकन कोल्हापूरच्या हॉटेलात, हे ऑफिसात सगळ्यांनी पाहिलंय.

तांत्रिकदृष्ट्या पाच मिनिटांचं काम. तरी नाही म्हटलं, आणि साहेबांसमोरच कारणं सांगितली. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४२ प्रमाणे खाजगी किल्ली आपल्या ताब्यात राहील याची वाजवी काळजी घेणं ही प्रमाणपत्रधारकाची जबाबदारी. टोकन पायला कायमचं खोचलेलं आणि पिन ताईंच्या डायरीत, याला ताबा कसं म्हणायचं? दुसरं, साध्या स्मार्टकार्डाला पिन देण्याचा जो व्हेरिफाय आदेश असतो त्यात पिनचे आकडे जसेच्या तसे असतात. यूएसबीआयपी ते तसेच टीसीपीवर टाकतं. वायरगार्ड मधे आहे म्हणून रस्त्यात कुणी वाचणार नाही, पण पायवर यूएसबीमॉन (यूएसबीवरचा संवाद टिपणारी सोय) लावणाऱ्याला ते दिसणार.

साहेब म्हणाले, ‘मग टोकन माझ्या बॅगेत, आणि सही मीच करणार. ताई, फाइली तयार करून मला आदल्या दिवशी द्या.’ ताईंना हे फारसं पटलेलं नाही. अधिकृत सहीसाठी दुसऱ्या व्यक्तीच्या नावाने वेगळं प्रमाणपत्र काढायचा पर्याय मी सुचवला आहे. तो कंपनीच्या ठरावाचा विषय, माझा नव्हे.

यादीतून टोकन कमी.

२७ जून, शुक्रवार

डोंगलवरून रोज भांडण. बेंचवाले आणि डिझाइनवाले दोघांनाही तो हवा. ‘डोंगल-घे’ आणि ‘डोंगल-सोड’ अशा दोन स्क्रिप्ट करून दिल्या होत्या. घे सगळ्यांना आठवतं. सोडायचं राहून माणूस जेवायला जातो. पायवरून अनबाइंड केलं की वरची जोडणी तुटते, पण तेव्हा समोरच्याचं सॉफ्टवेअर अर्ध्यात मरतं आणि मग जिन्यात वादावादी. माझा अर्ध्या मिनिटाचा टायमर यात आगीत तेल ओततो. ज्याच्या मशिनवर तो चालू, डोंगल त्याचाच.

उपाय: सॉफ्टवेअर कुणाच्याच मशिनवर नको. एका व्हीएममध्ये (सर्व्हरवर चालणाऱ्या आभासी मशिनमध्ये) बसवायचं, डोंगल कायम त्या व्हीएमला, आणि ज्याला काम आहे त्याने एक्सआरडीपीने (दूरच्या मशिनचा स्क्रीन आपल्याकडे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने) तिथे यायचं. लायसन्स एकाचंच, त्यामुळे दुसरा आला की पहिल्याचा स्क्रीन दिसतो आणि बोलून ठरतं.

मग डोंगल सरळ सर्व्हरलाच का नको, हा साहेबांचा प्रश्न रास्त होता. कारण सर्व्हर दोन आहेत आणि देखभालीसाठी व्हीएम इकडून तिकडे हलवतो. डोंगल सर्व्हरच्या भोकात असेल तर व्हीएम हलली की मागे राहतो. यूएसबीआयपीची जोडणी व्हीएमच्या आतल्या टीसीपीची आहे, ती व्हीएमबरोबर जाते. आज चालू व्हीएम दुसऱ्या सर्व्हरवर नेऊन पाहिली. सॉफ्टवेअर उघडंच होतं, लायसन्स तपासायला लावलं, मिळालं. या सगळ्या खटाटोपात यूएसबीआयपीने सर्वांत चोख केलेलं काम हेच.

१ जुलै, मंगळवार

व्हीएम उबंटूची. कर्नल अपडेट होऊन रीबूट झाल्यावर ‘या कर्नलसाठी यूएसबीआयपी सापडत नाही’. उबंटूत हे टूल लिनक्स-टूल्स पॅकेजमधून येतं आणि चालू कर्नलच्याच आवृत्तीचं लागतं. लिनक्स-टूल्स-जेनेरिक टाकून ठेवलं, म्हणजे कर्नलमागून टूलही येत राहील. डेबियनला ही कटकट नाही, तिथे यूएसबीआयपी वेगळं पॅकेज आहे.

४ जुलै, शुक्रवार

डोंगलच्या सॉफ्टवेअर कंपनीला करारातल्या एका कलमाबद्दल मेल केला होता, आज उत्तर आलं. डोंगल एकाच मशिनला जोडलेला आणि एकाच इमारतीत असेल तर नेटवर्कवरून चालेल. डोंगलची जोडणी इमारतीबाहेर न्यायला परवानगी नाही. लेखी आलं ते बरं झालं, मेल फाइलला लावला.

त्यामुळे पायवरचा नियम आणखी आवळला: ३२४० फक्त त्या व्हीएमच्या वायरगार्ड पत्त्याला, बाकी पत्त्यांना ड्रॉप. घरून काम करणाऱ्याने वायरगार्डने व्हीएममध्ये एक्सआरडीपीने शिरायचं. डोंगल आणि सॉफ्टवेअर दोन्ही इमारतीत, बाहेर जातं फक्त चित्र. पालखीच्या दिवशी रखडलेलं सॉफ्टवेअर असं घरून उघडून पाहिलं, ऑफिसात लागतो तेवढाच वेळ लागला.